आयगेट चालू, नकाशा मात्र रिकामा: माझा अनुभव

स्कूटीवरच्या ट्रॅकरने कळवलेले माझे स्थान घराच्या गच्चीवरील अँटेनाने टिपावे आणि ते इंटरनेटमार्गे नकाशावर उमटावे, एवढ्यासाठी मी लातूरमध्ये हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी रेडिओचे, छोटे केंद्र उभारले. परवान्याची परीक्षा, कॉलसाइन (केंद्राचे ओळखनाव), ट्रॅकरची जुळणी हे सारे यथावकाश पार पडले आणि त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. इंटरनेटवरील सर्व्हरला द्यायच्या पासकोडच्या एका आकड्याने मात्र माझे पाच आठवडे खाल्ले, आणि त्याचा राग अजून ओसरलेला नाही.

रेडिओवरून असे स्थान कळवण्याची एपीआरएस ही पद्धत अमेरिकेतील बॉब ब्रुनिंगा यांनी विकसित केली. ट्रॅकर जीपीएसकडून मिळालेले स्थान १२०० बॉड वेगाच्या पॅकेटमध्ये, म्हणजे छोट्या डिजिटल संदेशात, बांधून हवेत सोडतो, आणि ते पॅकेट ऐकून इंटरनेटवरील सर्व्हरकडे सोपवणाऱ्या केंद्राला आयगेट म्हणतात. माझ्याकडे हे काम रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, रेडिओ लहरी टिपणारे यूएसबी डोंगल आणि पॅकेट उलगडणारा डायरवुल्फ हा प्रोग्राम मिळून करतात.

पहिल्याच दिवशी मी स्कूटी घेऊन गल्लीच्या टोकाला गेले, तेव्हा घरी पडद्यासमोर बसलेल्या पतींनी फोनवर सांगितले, "तुझे पॅकेट इथे आले, पण नकाशावर काहीच दिसत नाही." दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढच्या आठवड्यातही तेच. ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी अँटेना उंच करण्याचा सल्ला दिला, म्हणून मी आणखी एक पाइप जोडून ती उंच केली, केबल बदलली, कनेक्टर पुन्हा डाखले, डोंगलचा गेन (संकेत वाढवण्याचे प्रमाण) कमी-अधिक करून पाहिला. वास्तविक पॅकेट घरच्या पडद्यावर उमटत होते, म्हणजे अँटेना आणि केबल यांचे काम तिथेच संपले होते. पण रेडिओच्या नादात ही साधी गोष्ट ध्यानात आली नाही. त्याहून मोठी खूण तर रोज समोर होती. माझ्या केंद्राचे स्वतःचे बीकन, म्हणजे आपले स्थान कळवणारा त्याचा संदेश, अँटेनाशिवाय थेट इंटरनेटवरून जाते, आणि तेही नकाशावर नव्हते. ज्याचा आयगेट असा अडला असेल, त्याने गच्चीवर चढण्याआधी आपले बीकन दिसते का, हे पाहावे. ते दिसत नसेल तर दोष हवेत नाही.

अखेर एका रात्री मी प्रोग्राम सुरू होतानाच्या ओळी एकेक करून वाचल्या, तेव्हा सर्व्हरच्या उत्तरात माझ्या कॉलसाइनपुढे 'अनव्हेरिफाइड' (पडताळणी न झालेले) हा शब्द सापडला. सेटिंगची जी नमुना फाइल मी उतरवून घेतली होती, तिच्यात पासकोडच्या जागी उणे एक होते. हा आकडा केवळ माहिती पाहणाऱ्यांसाठी असतो. त्यावर सर्व्हर जोडणी स्वीकारतो, पण आपण पाठवलेले प्रत्येक पॅकेट टाकून देतो आणि त्याविषयी पुन्हा काही कळवत नाही. दारातच अडवले असते, तर मी त्याच दिवशी कारण शोधले असते. नमुना फाइल देणाऱ्याने त्या आकड्याशेजारी एक ओळ लिहायला हवी होती, असे मला आजही ठामपणे वाटते. खरा पासकोड कॉलसाइनवरूनच काढला जातो. आयगेटसाठी कॉलसाइनला जोडलेला '-१०' हा आकडा त्यात धरत नाहीत.

पासकोड बदलल्यावर काही मिनिटांत माझे केंद्र नकाशावर आले, पण अहमदपूरजवळ! लातूरचा अक्षांश १८.४० आणि रेखांश ७६.५६ अंश आहे. मी दशांशातले तेच आकडे मिनिटांच्या जागी लिहिले होते. दशांश भागाला ६० ने गुणले की १८ अंश २४ मिनिटे आणि ७६ अंश ३३.६ मिनिटे हे योग्य आकडे मिळतात. ही दुरुस्ती दोन मिनिटांत झाली.

ट्रॅकरविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत असल्याने फार थोड्या अंतराने पॅकेट सोडू नये.

त्याच रविवारी मी औशाच्या रस्त्याने निघाले. परतल्यावर नकाशावर ११ ठिपके होते, आणि शेवटचा बुधोड्याच्या अलीकडचा होता. त्यापुढची पॅकेट गच्चीपर्यंत पोहोचली नाहीत. त्यांच्यासाठी वाटेत एखादा डिजिपीटर, म्हणजे ऐकलेले पॅकेट पुन्हा हवेत सोडणारे केंद्र, लागेल, आणि त्याची जागा मी शोधते आहे.