त्या पोराचा हात

"बाबा, तू आधी मस्त काढायचास ना?"

धाकटी एवढंच म्हणाली आणि टेबलावरचा चार्जर घेऊन निघून गेली. टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं, उलट काहीतरी बोलता आलं असतं. तिचा तो 'आधी' सकाळपासून दातात अडकल्यासारखा झालाय.

आज माझ्या जलरंगाच्या सरावाचा 143वा दिवस. रोज पहाटे साडेपाच ते सव्वासहा, गजर लावून. पहिले तीन आठवडे चित्र असं काढलंच नाही, नुसते सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचे एकसारखे थर. बोर्ड जरासा तिरका ठेवायचा, ब्रश भरून घ्यायचा, फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाच्या पाण्याचा मणी झुलता राहू द्यायचा आणि पुढच्या फटकाऱ्याने तो खाली ओढत न्यायचा. मणी तुटला की पट्टा पडलाच. मग राहवत नाही म्हणून अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा ओला ब्रश टेकवावा, तर नवं पाणी खालच्या रंगाला ढकलत नेतं आणि वाळल्यावर तिथे दातेरी फुलकोबी उगवते. अशा फुलकोब्यांचा ढीग आहे माझ्याकडे. आता कमी उगवतात, एवढीच 143 दिवसांची कमाई.

आणि समोर भिंतीवर ते माझंच जुनं चित्र. दोन होड्या, संध्याकाळचं आभाळ, कोपऱ्यात ऐटबाज सही आणि '88. ज्या पोराने ते काढलं त्याला मणीबिणी ठाऊक नव्हता. कागद हलका, कधी ताणून घेतलेला नाही, त्यामुळे अजून पोटात फुगलेला दिसतो. आठवडाभर ब्रशला हात लावायचा नाही आणि मग एका रात्रीत चार चित्रं काढायची, असला कारभार. पण आभाळ तीन फटकाऱ्यांत उतरवलंय पठ्ठ्याने. मी आज तेच आभाळ काढतो तेव्हा सतरा फटकारे लागतात आणि सतराही दिसतात.

हेवा वाटावा तर तो कुणाचा? चित्रकलेच्या वर्गातल्या त्या निवृत्त बाईंचा नाही, त्या माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत तरी नाही. हेवा वाटतो तो पुढची 30 वर्षं ब्रश माळ्यावर फेकून देणाऱ्या त्या आळश्याचा. का फेकले, ते आज नको.

लोक टागोरांचं उदाहरण देतात. साठी उलटल्यावर चित्रांकडे वळले, 1930 मध्ये पॅरिसला प्रदर्शन झालं, दोन हजारांवर चित्रं काढली. खरं आहे सगळं. पण ते उशिरा सुरू झाले, मी उशिरा परत आलोय. त्यांच्यासमोर भिंतीवर बाविशीतले चित्रकार टागोर टांगलेले नव्हते. उशिरा सुरू करणाऱ्याला कुणी 'आधी' म्हणत नाही.

दुपारी चित्र भिंतीवरून काढलंच. पुसायला म्हणून काढलं, असं हिला सांगितलं. माळ्यावर टाकायचा विचार होता, हे इथे लिहायला हरकत नाही. मागचा पुठ्ठा सुटला, माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, बाजूला सरकला आणि त्याच्याखाली बोटभर रुंद पट्टी दिसली. लालभडक! बाकीचं आभाळ मातकट पिवळं आणि कडेला ही पेटलेली पट्टी.

मग लक्षात आलं. ॲलिझरिन क्रिमझन. तेव्हा लाल म्हटलं की तीच ट्यूब पिळायची. उजेडात हा रंग उडतो, आणि पातळ वॉशमध्ये तर फारच लवकर. आता त्याच्या जागी क्विनॅक्रिडोन हा टिकाऊ लाल घ्या म्हणतात, मीही तेच वापरतो. म्हणजे धाकटीला आवडलेलं ते मऊ, उदास, ओसरत्या उजेडाचं आभाळ त्या पोराने रंगवलेलंच नाही. ते खिडकीतल्या उन्हाने इतक्या वर्षांत घडवलंय.

मिनिटभर फार बरं वाटलं. चोर पकडल्यासारखं. मग पट्टीकडे नीट पाहिलं. लालाच्या पोटातून जांभळा कसा हळूच उतरवलाय, कुठे जोड नाही, कुठे दात नाही. म्हणजे चित्र मुळात याहूनही चांगलं होतं. कपाळाला हात लावला आणि एकटाच हसत बसलो. ही डोकावून गेली, काही विचारलं नाही.

माळ्यावर नाही टाकलं. माउंट न लावताच टेबलाशी टेकवून ठेवलंय. मघाशी त्या पट्टीचा लाल जुळवत बसलो होतो: क्विनॅक्रिडोन, किंचित अल्ट्रामरीन निळा, मग थोडं पाणी, मग जास्तच पाणी. सातव्या वेळी जवळपास जुळला. वाळल्यावर फिका पडला, जलरंग पडतोच. आठव्यांदा गडद घेतला. तोही अजून वाळायचाय.

पहाटे चुकलेला सपाट वॉश या सगळ्या घोळात राहूनच गेला. हजेरीच्या वहीत 143 समोर खाडा मांडायचा की नाही, यावर विचार चालू आहे.