तेराचा पाना

गेवराईत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पूर्वी नुसत्या जळक्या मोटारी यायच्या, आता निम्मं काम सौर पंपांचं झालंय. त्याबरोबर एक नवं गिऱ्हाईकही यायला लागलंय. अंधार पडता पडता छोटा हत्ती टेम्पो दुकानापुढं लागतो, ताडपत्रीखाली चार-पाच पॅनेल असतात आणि ड्रायव्हर म्हणतो, "मिस्त्री, घरचेच हायेत. बघा कुणी घेतंय का." बिल विचारलं की बिल घरी राहिलेलं असतं.

मी पॅनेल उलटं करून बघतो. मागचं स्टिकर खरवडलेलं असतं. वायर पकडीनं तोडली असेल तर तो तांब्याचा चोर, केबलसाठी आलेला आणि जाता जाता पॅनेल घेऊन गेलेला. पण पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी-फोर कनेक्टर खटका दाबून नीट सोडवलेले असले, तर ते काम फिटिंग येणाऱ्या माणसाचं. अवघड तसं काहीच नाही. पॅनेल स्ट्रक्चरवर आठ एमएमच्या बोल्टनं बसवतात, त्याला तेराचा पाना लागतो. तो पाना आमच्याकडं प्रत्येक मोटारसायकलच्या डिकीत सापडेल.

आधी चोर डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर फोडायचे, आतलं ऑइल आणि तांबं न्यायचे. तिथं जिवाची भीती असायची. पॅनेलमध्ये रात्री करंटच नसतो, लहान पोरगंही सोडवू शकतं. त्यात भर म्हणजे रानात आता कुणी नसतं. रात्रीची लाइट होती तेव्हा साप-किरडू, बिबट्या यांना न जुमानता माणूस पिकाला पाण्याचं बारं द्यायला बॅटरी घेऊन शेतात असायचा. दिवसा पाणी देऊन रात्री घरी झोपता यावं म्हणून तर लोकांनी सौर पंप घेतले. त्या झोपेचा फायदा चोरांना झाला.

२०१९ साली केंद्राची सौर पंपांची पीएम-कुसुम योजना आली, २०२४ ला राज्यानं 'मागेल त्याला सौर कृषी पंप' काढली. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. बाकी केंद्र आणि राज्य भरतं. वर पाच वर्षांची दुरुस्तीची हमी, विम्यासकट. म्हणजे रानातलं पॅनेल नव्वद टक्के सरकारी पैशाचं. चोरी झाली की पोलीस ठाणं, पंचनामा, क्लेम. पैसे मिळतीलही, पण मे महिन्यात मोसंबीची बाग पंचनाम्याची वाट बघत नाही. शेतकरी माझ्याकडं येतो, "मिस्त्री, दोन-चार जुने पॅनेल बघा, तेवढं पाणी तरी चालू होऊ द्या." आणि तो जुना माल बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या रानातूनच आलेला असतो.

म्हणून चोरी रोखायच्या तंत्रज्ञानाला सरकारनं पैसा द्यावा असं कुणी म्हणालं की मी हो म्हणतो. फक्त कशाला द्यायचा, यावर माझं भांडण आहे. कृषी प्रदर्शनात एका स्टॉलवर कॅमेरा दाखवत होते, त्यालाच छोटं सौर पॅनेल लावलेलं. त्या पॅनेलवर लक्ष कोण ठेवणार, असं विचारल्यावर स्टॉलवालाही हसला.

मुळात एक खर्च आधीच झालेला आहे. केंद्राच्या नियमाप्रमाणं योजनेच्या प्रत्येक पॅनेलमध्ये आरएफआयडी टॅग लागतो, म्हणजे यंत्रानं वाचता येणारी छोटी चिप. कंपनी कोणती, कधी बनलं, अनुक्रमांक काय, किती वॅटचं, सगळं त्यात. शिवाय बऱ्याच पॅनेलना काचेच्या आतल्या कडेला बारकोड असतो. मागचं स्टिकर खरवडलं तरी तो जात नाही. पण माझ्या दुकानात त्या टॅगचं मी काय करू? वाचायचं यंत्र नाही. अनुक्रमांक वाचला तरी हे पॅनेल चोरीला गेलंय का, ते कुठं विचारायचं?

मोबाइलचं बघा. २०२३ ला केंद्रानं 'संचार साथी' सुरू केलं. हरवलेला फोन तिथं ब्लॉक करता येतो. जुना फोन घेण्याआधी केवायएम लिहून पुढं आयएमईआय, म्हणजे फोनचा अनुक्रमांक, टाकून १४४२२ ला मेसेज केला की फोनचा खरा-खोटा हिशेब कळतो. पहिला पैसा मी पॅनेलच्या अशाच यादीला देईन. पॅनेल फोनसारखं बंद पाडता येणार नाही, मान्य. पण अनुक्रमांक टाकला की "चोरीची तक्रार आहे" एवढं दिसलं, तरी माझ्यासारखा दुकानदार आणि घेणारा शेतकरी दोघंही हात आखडतील. भंगारवाला आखडणार नाही म्हणा. पण पॅनेलला खरा भाव चालू मालाचा असतो, भंगारात किती येणार!

दुसरा पैसा मी अलार्मला देईन. सौर पंपाच्या कंट्रोलरला सिमकार्डाची रिमोट मॉनिटरिंग यंत्रणा जोडलेली असते, आज किती युनिट, पंप किती तास चालला ते कळवणारी. पण पॅनेल रात्री मुळातच शून्य असतं. चोर सोडवत असताना ते शून्य आणि रोजचं शून्य यात तिला काय फरक दिसणार? सकाळी पंप चालला नाही की मग कळतं. फ्रेमच्या भोकांतून एक बारीक वायर ओवून तिचं सर्किट छोट्या बॅटरीवर रात्रभर चालू ठेवलं आणि ते तुटताच मालकाला फोन गेला, तर वेगळी गोष्ट होईल. आमच्याकडं लोक मोबाइल ऑटोवर, म्हणजे फोनवरून चालणाऱ्या स्टार्टरवर, घरबसल्या मोटार चालू-बंद करतात, त्यापेक्षा यात जास्त अक्कल लागत नाही. टेंडरमध्ये एक ओळ वाढवली की झालं.

नटाचं सोपं आहे. घट्ट करताना ज्याची षटकोनी टोपी मोडून पडते आणि गुळगुळीत गोल भाग उरतो, असा नट मिळतो. त्याला पाना धरत नाही. लोक त्याऐवजी वेल्डिंगचा टाका मारून घेतात. मी मारून देतो, पण मनाविरुद्ध. जस्ताचा थर जळतो, पुढं गंजतं, आणि हमीत पॅनेल बदलायला आलेला पोरगा ग्राइंडर नाही म्हणून परत जातो.

तोवर एवढं करा. पंप बसवताना ज्या कागदावर तुमची सही घेतात, त्यावर पॅनेलचे अनुक्रमांक असतात का ते बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. नसतील तर काचेच्या आतल्या बारकोडचे फोटो काढा, प्रत्येक पॅनेलचा वेगळा. तक्रार लिहून घेताना पहिला प्रश्न तोच येतो. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्यांचे नंबर मी वहीत उतरवून घेतो. छोटा हत्ती दुकानापुढं लागला की ती वही आधी काउंटरवर काढून ठेवतो.