एक गोल आणि उरलेली 77 मिनिटं

सोमवार, 18 ऑगस्ट 2025
विश्रामबाग, सांगली

काल रात्री आर्सेनल जिंकलं आणि मला आनंद झाला नाही.

लिहून बघितलं तरी पटत नाही. मे महिन्यापासून या रविवारची वाट बघत होते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला, फुटबॉलच्या नव्या हंगामाचा पहिला सामना, तोही ओल्ड ट्रॅफर्डवर, मँचेस्टर युनायटेडच्या घरात जाऊन 1-0. याहून बरी सुरुवात कुणी मागेल तरी काय? पण शेवटची शिट्टी झाली आणि मी फोन उशीवर ठेवून नुसती बसून राहिले. आई पाणी प्यायला उठली होती. दारातूनच म्हणाली, "हरले वाटतं गं तुझे." म्हटलं, "नाही, जिंकले." "मग तोंड असं का?" आणि उत्तराची वाट न बघता झोपायला गेली.

मी मात्र उशिरापर्यंत जागी. खरंच, तोंड असं का?

सगळं नीट आठवून बघते. 13व्या मिनिटाला कॉर्नर. आपल्या राइसने बॉल थेट गोलच्या तोंडाशी टाकला. गर्दीत आपला सालिबा आणि युनायटेडचा गोलकीपर बायिंदिर एकदमच उडाले, बायिंदिरच्या हाताला लागून बॉल तिथल्या तिथे खाली आला आणि कालाफिओरीने अगदी रेषेजवळून डोकं लावलं. गोल! तेव्हा मी ओरडले होते. शेजारच्या काकूंच्या खिडकीतला दिवा लागला इतकी ओरडले होते. म्हणजे 13व्या मिनिटाला आनंद होता, चांगला भरभरून होता. मग तो गेला कुठे?

गेला तो पुढच्या 77 मिनिटांत. युनायटेडने 22 शॉट मारले, आपण 9. बॉलही बहुतेक वेळ त्यांच्याच पायात. त्यांच्या डोर्गूचा शॉट पोस्टवर आदळला तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. कुन्या डावीकडून घुसतोय, मधून घुसतोय, एम्ब्युमो धावून दमत नाही, वर शेश्कोला उतरवलं. एम्ब्युमोच्या त्या हेडरवर आपला गोलकीपर राया झेपावला नसता तर आज मी हे लिहायला बसलेच नसते. राया, गॅब्रिएल आणि सालिबा, या तिघांनी काल सामना धरून ठेवला. पुढच्या फळीचं काही खरं नव्हतं. मी सामना बघतच नव्हते म्हणा ना, कोपऱ्यातलं घड्याळ बघत होते. एवढा मोठा सामना, एवढी वाट बघितलेली, आणि मला फक्त तो लवकर संपायला हवा होता.

सांगलीतल्या माणसाला ही अवस्था वेगळी सांगायला नको. पुराच्या दिवसांत आयर्विन पुलाजवळची पातळी आपण अशीच बघत असतो. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. आता किती, तासाभरात किती वाढलं, कोयनेतून किती सोडलं. 2019 बघितलंय आपण. पाणी 39 वर थांबलं आणि उतरायला लागलं म्हणून कुणी पेढे वाटत नाही. माणसं गुपचूप माळ्यावर चढवलेलं सामान खाली काढायला लागतात. काल शिट्टीनंतर माझं तसंच झालं. सुटका झाली, एवढंच.

पण नुसतं सुटका म्हणून भागत नाही. मला ते आणखी उकलून बघायचंय.

आज ऑफ तासाला नववी ब चे तिघे स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभे. त्या वर्गात युनायटेडची पोरं जास्त. "मॅडम, गोलकीपरला धरलं होतं. फाउल होता." मी सांगितलं की कॉर्नरला गोलसमोरच्या सहा यार्डांच्या चौकोनात एवढी रेटारेटी चालतेच, पंचांनी गोल दिला, विषय संपला. मग त्यातला एक जण, जो एरवी बोलत नाही, तो म्हणाला, "पण मॅडम, खेळलो आम्हीच भारी." याला मला उत्तर देता आलं नाही. कारण ते खरं होतं. घंटा झाली म्हणून सुटले.

मग दिवसभर तेच घोळवलं. लायकी नसताना जिंकलो, म्हणून आनंद नाही का? नाही, ते नसावं. याच मैदानावर मे 2024 मध्ये ट्रोसार्डच्या गोलवर 1-0 जिंकलो होतो. तोही सामना काही डोळ्यांचं पारणं फेडणारा नव्हता, पण तेव्हा मी घरभर नाचले होते. तेव्हा लायकीचा विचार शिवलाही नाही. तेव्हा फक्त विजेतेपद दिसत होतं, एक सामना उरला होता आणि मँचेस्टर सिटी घसरेल अशी आशा होती. सिटी घसरली नाही. आपले 89, त्यांचे 91.

इथेच काहीतरी आहे.

2023 चा एप्रिल आठवतो. लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर 2-0 पुढे होतो, 2-2 झालं. पुढच्या रविवारी वेस्ट हॅमकडे 2-0 पुढे, पुन्हा 2-2. मग तळाला असलेल्या साउदॅम्प्टनशी घरच्या मैदानावर 3-3. त्या हंगामात आपण 248 दिवस पहिल्या क्रमांकावर होतो आणि शेवटी दुसरे. तेव्हापासून लवकर झालेल्या गोलचा मला धसका बसलाय. काल 13व्या मिनिटाला ओरडले आणि 15व्या मिनिटाला वाटलं, फार लवकर झाला हा, आता हा जाणार. पूर्वी मी अशी नव्हते. पुढे असलो की खुशाल चहा टाकायला उठायचे.

सलग तीन वर्षं दुसरे. 2023, 2024, 2025. शेवटची लीग जिंकली 2004 मध्ये, एकही सामना न हरता, 26 विजय आणि 12 बरोबरी. मी ते बघितलेलंच नाही. मी बघायला लागले तेव्हा ती माणसं निघून जायला लागली होती. ज्या संघावर मी एवढा जीव टाकते त्याला मी लीग जिंकताना कधी पाहिलंच नाही, हे आज भाजी निवडताना एकदम मनात आलं आणि हात थांबला. या गावात ते कुणाला सांगायचं? स्टाफरूममध्ये क्रिकेट चालतं, तेही प्रेमाने चालतं, तक्रार नाही. पण सोमवारी सकाळी कुणाशी तरी कालाफिओरीबद्दल बोलावंसं वाटतं आणि समोर फक्त चौदा वर्षांची पोरं असतात, तीही युनायटेडची.

दादाला रात्रीच लिहिलं होतं, "बघितलास?" आज दुपारी उत्तर आलं. अंगठा. नुसता अंगठा. ज्याने मला फॅब्रेगासचा पास थांबवून थांबवून दाखवला, ऑफसाइड समजावून सांगताना पोळपाटावर शेंगदाणे मांडले, त्याचा अंगठा. पुण्यात त्याला काय काय बघावं लागतं ते मला माहीत आहे. वहिनीशी बोलणं झालं होतं गेल्या आठवड्यात. असो. आणि शनिवारी दहीहंडीच्या आवाजात आईला आलेल्या त्या फोनबद्दल तर मी लिहिणारच नाही.

इथे थांबून जेवून आले.

जेवताना मोबाइलवर गेल्या हंगामाचा तक्ता काढला. उगाच. बघून बघून पाठ झालाय, तरी आज वेगळा दिसला. लिव्हरपूल 84, आपण 74. मधलं अंतर 10 गुणांचं. पण पराभव बघितले तर त्यांचे 4 आणि आपलेही 4! आपण त्यांच्यापेक्षा एकही सामना जास्त हरलो नव्हतो. फरक बरोबरीचा होता. त्यांच्या 9, आपल्या 14. म्हणजे पाच सामने. पाच सामन्यांत आपल्याकडून एक गोल जास्त झाला नाही, किंवा झालेला एक गोल राखता आला नाही. विजेतेपद त्या पाच सामन्यांत गेलं.

आणि त्याच्या आधीचं वर्ष? सिटीचे 28 विजय आणि आपलेही 28. बरोबर तेवढेच. ते 3 हरले, आपण 5. हरलेल्यातले दोन सामने नुसते बरोबरीत सोडवले असते तर गुण सारखे झाले असते, आणि गोलफरक दोघांचाही 62 होता, तो त्या दोन सामन्यांनी आपला वाढला असता आणि विजेतेपद आपलंच झालं असतं.

तर कालचा सामना नेमका तो होता. गेल्या वर्षी 1-1 झाला असता असा. खराब खेळलो, बाहेरच्या मैदानावर, समोरचे 22 शॉट मारतायत, पुढच्या फळीतला नवा माणूस ग्योकेरेस अजून कुणाला नीट ओळखत नाही, आणि तरीही तीन गुण. हे दोन वर्षं आपल्याकडे नव्हतं. लोक कॉर्नरच्या गोलला नाकं मुरडतात, पण तो गोल सरावातून येतो. निकोला जोव्हर हे सेट-पीसचे, म्हणजे कॉर्नर आणि फ्री-किकचे प्रशिक्षक त्यासाठीच तर आहेत. कोण गोलकीपरच्या अंगाला भिडणार, कोण मागून येणार, बॉल किती आत वळवायचा, हे सगळं रोज घोटून घेतलेलं असतं. मुलं पाढे म्हणतात तेव्हा त्यांना कुणी नशीबवान म्हणत नाही. नववी ब च्या त्या मुलाला उद्या हे सांगायला हवं. तुम्ही भारी खेळलात हे आधी कबूल करून मग सांगायला हवं.

जेवण झाल्यावर कोल्हापूरहून मामाचा फोन. आर्सेनलचं विचारलं, पण त्याचं खरं काम वेगळं होतं: "आपल्या लीगचं काय गं?" आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जुलैमध्ये आयोजकांनी थांबवून ठेवली. भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरचा त्यांचा करार डिसेंबरमध्ये संपतो आणि पुढचं ठरत नाही. मामा रात्री झोपत नाही या काळजीने. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून उतरला तेव्हा मामा जसा काही घरातलाच मुलगा उतरला असा रडला होता. आता म्हणतो, पोरांनी घाम गाळून तिथवर जायचं आणि वर मैदानच नाही. मला काय बोलावं कळेना. माझा हंगाम सुरू तरी झाला.

मामाशी बोलताना कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवलं. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचे सामने. मामा पाटाकडीलचा, मी त्याच्याबरोबर पायऱ्यांवर, हातात भाजक्या शेंगांचा पुडा. जिंकल्यावरचा गुलाल मला आठवतो, मोटारसायकली आठवतात, मामाच्या कानांत दुसऱ्या दिवशीपर्यंत गुलाल असायचा. आज फोन ठेवताना त्याच्या आधीचंही आठवलं. एका गोलची आघाडी असली की शेवटची दहा मिनिटं मामा मैदानाकडे बघायचाच नाही. खाली मान घालून शेंगांची टरफलं एकेक करून चुरत बसायचा आणि मला विचारायचा, "बॉल कुणाकडं हाय?" मी सांगायची. सामना संपला तरी लगेच ओरडायचा नाही. आधी बसून राहायचा. पेठेतलं कुणीतरी येऊन त्याला उठवायचं, मग गुलाल. आई त्याची सख्खी बहीण. तिने हे तोंड लहानपणापासून बघितलेलं असणार.

म्हणजे मामालाही तेव्हा लगेच आनंद होत नव्हता. त्याला उठवायला माणसं असायची, एवढंच. मला काल कुणी उठवायला आलं नाही म्हणून मी बसून राहिले. हे समजल्यावर जरा बरं वाटलं. फार नाही. पण सकाळपासून छातीवर होतं ते थोडं उतरलं.

मामाला म्हटलं, पुढच्या सामन्याला इकडे ये ना. म्हणाला, पाऊस बघून ठरवू.

शनिवारी लीड्स, रात्री 10 ला, आपल्या मैदानावर. त्यानंतर 31 ला अॅनफिल्ड. ग्योकेरेसबद्दल आजच सगळे बोलायला लागलेत, पहिल्याच सामन्यानंतर, याचा मला राग येतो. गेल्या हंगामात स्पोर्टिंगकडून 54 गोल केलेला माणूस आहे तो, त्यातले सुरुवातीचे तर काल युनायटेडचा प्रशिक्षक म्हणून समोर असलेल्या याच अमोरिमच्या हाताखाली. काल गोलवर एकही शॉट नाही हे खरं, तासाभराने त्याला काढून हॅवर्ट्झला आणलं हेही खरं. पण त्याला मोकळ्या जागेत बॉल दिला किती वेळा? तो धावायला सुरुवात करत होता आणि ओडेगार्ड बॉल मागे वळवत होता. एक पास आधी द्यायला हवा, बचाव फळी मागे सरकायच्या आत. लीड्स पुढे येऊन खेळले तर ती जागा मिळेल. आपला प्रशिक्षक आर्टेटाने ग्योकेरेसलाच सुरुवातीपासून उतरवावं, हॅवर्ट्झला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

घटक चाचणीचे पेपर शुक्रवारपर्यंत तपासून संपवायला हवेत.