भोगीची भाजी, पांढऱ्या प्लेटमध्ये

आज कोरेगाव पार्कात एका औपचारिक जेवणात पहिला कोर्स म्हणून भोगीची भाजी दिली. पहाटे मंडईत ओला हरभरा, पावटा, गाजर, काटेरी वांगी, बोरं सगळं ताजं मिळालं. पौषात मेनू तिथेच ठरतो!

ही भाजी एकत्र शिजते, तिची खरी चव त्या मिसळण्यातच आहे. म्हणून रंग टिकावा यासाठी भाज्या वेगवेगळ्या वाफवल्या तरी रस एकच ठेवला: भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, गोडा मसाला, गूळ. खाली तो दाट रस, त्यावर वांग्याची फोड, गाजराचे लांब काप, वरून सोललेला हरभरा. शेजारी तळहाताएवढी बाजरीची भाकरी आणि लोणी. चिंचेचा कोळ फक्त रसात, भाज्यांवर नाही. आंबटाने हिरवा रंग मरतो, हरभरा शेवाळी दिसतो. सजावटीला बाहेरची फुलं कशाला? हरभऱ्याचा कोवळा, आंबूस पाला कितीतरी देखणा.

एका आजींनी मला बोलावून विचारलं, "तीळ नीट भाजलेत ना?" मंद आचेवर, तडतडेपर्यंत, म्हटलं. त्यांनी आणखी भाकरी मागवली. बोरं घालावीत की नाही, यावर स्वयंपाकघरात बराच वाद झाला. मी घातली. भोगीला बोर हवंच.