पन्नास मीटर, साधी हवा, एक सिलिंडर

डाइव्हिंगच्या सहलीचे पहिले तीन दिवस मस्त गेले. पाणी स्वच्छ, सगळ्या डाइव्ह 30 मीटरच्या आत. त्यावर लिहीत बसत नाही, डाइव्हिंग येतं त्याला ते जमेलच. मी लिहितेय ते चौथ्या सकाळच्या सहा मिनिटांबद्दल. त्यांच्याबद्दल आम्हाला बोटीवर जे सांगितलं होतं त्यातलं निम्मं खोटं निघालं आणि उरलेलं अर्धवट.

बुडालेलं जहाज. डेक 46 मीटरवर, वाळू 53 वर. ब्रीफिंगमध्ये सांगितलं गेलं की इथे सगळे साध्या हवेवर, एका सिलिंडरवरच जातात, डोकं थोडं हलकं होतं इतकंच, प्रवाह नसतो, सिलिंडरमधला दाब 100 बार उरला की परत फिरायचं आणि वर येताना 6 मीटरवर दोराला जादा सिलिंडर बांधलेला असेल. करमणुकीच्या डाइव्हिंगची हद्द 40 मीटर आहे हे मला पाठ होतं. शंभरावर डाइव्ह झाल्यात, खोल डाइव्हचा कोर्स झालाय, दहा मीटरने काय बिघडतंय, असं म्हणून मी मान हलवली. ती चूक माझी.

प्रवाह होता. दोर धरून हात ताणत उतरावं लागलं, 20 मीटरलाच धाप लागली. वर धाप लागली की दोन मोठे श्वास घेतले की काम होतं. खाली तसं होत नाही, कारण 50 मीटरवर दाब 6 बार असतो आणि तोंडातल्या रेग्युलेटरमधून येणारी हवा वरच्यापेक्षा सहापट दाट. एका लिटरचं वजन सात ग्रॅमच्या वर जातं. श्वासाच्या हवेसाठी 6.2 ग्रॅम ही टोकाची मर्यादा समजतात आणि साध्या हवेवर ती 40 मीटरच्या आसपासच गाठली जाते. त्यापुढे कितीही जोरात ओढलं तरी कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. तो साचला की नायट्रोजनची गुंगी (दाबाखालच्या नायट्रोजनने चढणारी नशा) दुपटीने चढल्यासारखी वाटते. म्हणून प्रवाहात दमून खाली पोचणं हे सगळ्यात वाईट. 20 मीटरला धाप लागली तिथेच अंगठा वर करून, म्हणजे वर चला अशी खूण करून, डाइव्ह सोडायला हवी होती.

तळाशी पोचल्यावर मला भीती वाटली नाही. हे नीट वाचा, कारण मला उलटं सांगितलं गेलं होतं. चक्कर नाही, नशा चढल्याची जाणीव नाही. मला एकदम ठीक वाटत होतं. डेकवर व्हॉल्व्हचं एक पितळी चाक होतं, त्याच्या आऱ्यांमध्ये स्पंज वाढलेला. मी ते बघत राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मनगटाच्या पाटीवर दर दोन मिनिटांनी गेजचा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा आकडा लिहायचा असं मी ठरवलं होतं. पाटीवर 165 आहे, मग 130 आहे, आणि त्याखाली नऊ काढून पेन्सिल तशीच तिरपी घसरत गेलेली रेघ आहे. मी 90 बघितलं होतं, ते आठवतं. 90 म्हणजे 100 पेक्षा कमी, म्हणजे परत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. गाइडने वर चला अशी खूण केली, मी त्याला ओकेची खूण केली आणि जागेवरच थांबले. शेवटी त्याने माझं बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) धरून ओढलं. बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, नंतर म्हणाला, एक मोठा रे मासा आमच्या डोक्यावरून सावकाश गेला, मी मान वर करून त्याच्याकडे बघितलंसुद्धा. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

30 मीटरच्या आसपास डोकं लख्ख झालं. गेजवर 65. डाइव्ह कंप्युटर आठ मिनिटांचा डिको (अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना थांबणं) मागत होता. आणि 6 मीटरवर दोराला काहीही बांधलेलं नव्हतं. तो सिलिंडर बोटीवर, रॅकमध्ये होता. मी स्टॉप पूर्ण करून 28 बारवर वर आले.

काहीच झालं नाही. बोटीवर सगळे खुशीत, मीही. दोन तास मी इतकी आनंदात होते की दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा नाव दिलं. रात्री अंग दुखत होतं, झोप येईना, म्हणून वही घेऊन हिशोब मांडला आणि सकाळी नाव मागे घेतलं. तो हिशोब इथे देते. निघण्याआधी प्रत्येकाने स्वतःच्या सिलिंडरचा असाच करावा.

12 लिटरचा सिलिंडर, 200 बार, म्हणजे 2400 लिटर हवा. तळाशी बडीची हवा बंद पडली असं धरा. घाबरलेला माणूस पाण्याबाहेरच्या दाबाच्या हिशोबाने मिनिटाला 30 लिटर ओढतो, हेही कमीच धरलंय. दोघं, 6 बार दाब, म्हणजे मिनिटाला 360 लिटर. गोंधळ आवरून निघायला दोन मिनिटं लागली तर 720. मिनिटाला 9 मीटर वेगाने 6 मीटरपर्यंत यायला पाच मिनिटं, त्यात सुमारे 1140. एकूण 1860 लिटर, 155 बार. हे राखीव. उतरताना साधारण 18 बार जातात. उरले 27 बार, म्हणजे शांतपणे श्वास घेणाऱ्यालाही 50 मीटरवर पुरती तीन मिनिटं मिळत नाहीत. यात डिकोसाठी एक लिटरही धरलेला नाही.

मी तळ सोडला तेव्हा माझ्याकडे 90 बार होते, 1080 लिटर. त्या क्षणी बडीने हवा मागितली असती तर 40 मीटरच्या आसपास दोघांचेही सिलिंडर रिकामे झाले असते. "100 बारला परत" हा आकडा कोणी आणि कशावरून काढला, हे मी दोनदा विचारलं. उत्तर मिळालं नाही.

ऑक्सिजनचं विष हाही धोका आहे, पण साध्या हवेवर तो जरा पुढे येतो. त्याच्या आंशिक दाबाची (एकूण दाबातल्या ऑक्सिजनच्या वाट्याची) नेहमीची मर्यादा 1.4 बार, ती गाठली जाते साधारण 57 मीटरला, आणि टोकाची 1.6, ती 66 ला. मात्र गुंगीत असलेल्या माणसाला 53 आणि 60 मधला फरक कळत नाही, आणि खोलीवर दबून पातळ झालेला वेटसूट तरंग देत नाही, त्यामुळे खाली घसरणं सोपं असतं. आकडीचा झटका येतो तो बहुतेक वेळा पूर्वसूचनेशिवाय, आणि तोंडातला रेग्युलेटर सुटतो. आमच्या रॅकमध्ये हवेचे आणि 32 टक्के नायट्रॉक्सचे (जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचे) सिलिंडर शेजारी शेजारी होते. तो नायट्रॉक्स 50 मीटरवर 1.9 बार देतो, म्हणजे थेट जिवाशी खेळ. आपला सिलिंडर आपण ऑक्सिजन मोजणाऱ्या अॅनलायझरवर तपासायचा, कोणी कितीही घाई केली तरी.

सवय झाली की गुंगी लागत नाही, असं बोटीवर ठासून सांगणारे भेटतील. 1947 मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तोच्या चमूतला मोरिस फार्ग हा कसलेला पाणबुड्या साध्या हवेवर खोल उतरला. दोरावर ठरावीक खोलीला पाट्या लावल्या होत्या, त्यावर सही करत जायचं होतं. सुमारे 120 मीटरच्या पाटीवर त्याची सही सापडली. तो जिवंत वर आला नाही. माझ्या पाटीवरची ती घसरलेली रेघ बघताना मला तीच गोष्ट आठवत राहते. सवयीने माणूस गुंगीत शांत राहायला शिकतो, एवढंच. आकडेमोड सुधारत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. साध्या हवेवर 40 मीटर, त्यापुढे नाही. एका सिलिंडरवर 50 तर नाहीच, गाइड कितीही अनुभवी असो. ते जहाज बघायचंच असेल तर ट्रायमिक्सचा (ऑक्सिजन, हीलियम, नायट्रोजनच्या मिश्रणाचा) कोर्स करा आणि जोड सिलिंडर घेऊन जा. 21 टक्के ऑक्सिजन आणि 35 टक्के हीलियमचं मिश्रण 50 मीटरवर तेवढंच गुंगवतं जेवढी हवा 29 मीटरवर. तोवर त्याच बोटीने उथळ डाइव्ह करा, त्या खरोखर चांगल्या आहेत.

आणि 40 च्या आत जाणार असाल तरी बोट सुटण्याआधी दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. प्रथमोपचाराची ऑक्सिजनची बाटली उघडून दाखवायला सांगा, गेजवर ती भरलेली दिसली पाहिजे. जवळचा रिकंप्रेशन चेंबर (डाइव्हमुळे होणाऱ्या आजारावर दाबाखाली उपचार करायची खोली) कुठे आहे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे गाइडला न अडखळता सांगता आलं पाहिजे. विम्याच्या कागदात खोलीची मर्यादा असते, ती वाचा. डिकोची डाइव्ह झाली असेल तर पुढचे 24 तास विमान नको.  आणि जादा सिलिंडर दोराला बांधलाय असं कोणी म्हणालं तर उतरताना 6 मीटरवर थांबा, हात लावून बघा, व्हॉल्व्ह उघडून एक श्वास घ्या. तो तिथे नसेल तर तिथूनच वर या.