विहिरीवरचा थवा

शाळेच्या विहिरीवर आंब्याची एक फांदी आडवी गेली आहे, तिच्यावर कालपासून मधमाश्या येऊन बसल्यात, असा मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. वाडी कुडाळ तालुक्यातली, दिवस डिसेंबरचे. बाई घाबरलेल्या नव्हत्या. पण गावातले दोघेतिघे "रात्री टेंभो दाखवया, पाच मिनटात काम खलास" म्हणून मागे लागले होते आणि त्यांना थोपवायला बाईंना कुणीतरी हवं होतं.

मी आधी माश्या केवढ्या आहेत ते विचारलं. आग्या असत्या तर पोरांना त्या बाजूला फिरकूच देऊ नका म्हटलं असतं. "घरमाशीपेक्षा जरा मोठ्या, अंगावर पट्टे," बाई म्हणाल्या. खाली पोळं दिसतंय का? "नाही हो, नुसता गोळा आहे." म्हणजे सातेरी, पेटीत पाळता येणारी देशी मधमाशी, आणि घर सोडून निघालेला थवा. टेंभा नको, पाणी नको, औषध तर नकोच, मी निघालोच, असं सांगून गाडीला किक मारली.

पाऊस सरून फुलोरा सुरू झाला की सातेरीची वसाहत भरते, नवी राणी तयार व्हायला लागते आणि जुनी राणी निम्म्याअधिक कामकऱ्यांना घेऊन बाहेर पडते. नवं घर सापडेपर्यंत हा सगळा संसार एखाद्या फांदीला लोंबकळत राहतो, कधी काही तास, कधी दोनतीन दिवस. राखायला पिल्लं नसतात, मध नसतो, निघताना पोटभर मध पिऊन घेतलेला असतो. त्यामुळे अशा माश्या डिवचल्याशिवाय सहसा चावत नाहीत. लोकांना सगळ्यात जास्त भीती याच गोळ्याची वाटते आणि जाळले जातात तेही हेच थवे. मला याचं फार वाईट वाटतं. नव्वदच्या दशकात थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या पेट्यांमागून पेट्या रिकाम्या केल्या. रानातल्या ढोलीत कुणाच्याही मदतीशिवाय टिकून राहिलेली प्रत्येक वसाहत मला म्हणूनच मोलाची वाटते.

एरवी हाताला येणारा थवा असेल तर आम्ही तो पिशवीत झटकून पेटीत भरतो आणि राणी पळू नये म्हणून दाराला राणीरोधक जाळी लावतो. इथे फांदी बरोबर विहिरीच्या तोंडावर. शिडी लावायला जागा नाही, फांदी कापावी तर थवा पाण्यात. आणि खरं सांगायचं तर भरलेल्या थव्यापेक्षा स्वतःहून आलेला थवा मला केव्हाही जास्त आवडतो. सातेरी मनस्वी जात आहे. जबरदस्तीने कोंडलेली वसाहत जाळी काढली की पुष्कळदा चालती होते. जिने घर स्वतः पारखून घेतलंय ती टिकते, हा माझा अनुभव.

शाळेच्या पश्चिमेला तात्यांची काजूची बाग आहे. तिथे पाऊस थांबल्यावरच मी एक रिकामी पेटी लावून ठेवली होती. आठ चौकटींची, वापरलेली, जुन्या मेणाचा वास मुरलेली. नव्या कोऱ्या पेटीकडे माश्या क्वचितच वळतात. चौकटींना मेणपत्र्याची नुसती बोटभर पट्टी लावतो. जुनी पोळी ठेवली तर माश्यांच्या आधी मेणकिडा मुक्कामाला येतो. आतल्या बाजूला वितळवलेलं मेण फासायचं आणि गवती चहाची पात चुरगळून घासायची. घराचं दार दाखवताना युरोपीय माश्या पोट वर करून जो गंध सोडतात त्यात सिट्रल नावाचं द्रव्य असतं, आणि गवती चहाचा वास मुख्यतः त्याचाच. पेटी जमिनीपासून चांगली उंच, सावलीत, दार लहान. मचाणाच्या पायांना जळक्या ऑइलची चिंधी गुंडाळायची, नाहीतर हुमले, म्हणजे मुंग्या, आत शिरतात. अमेरिकेत मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी युरोपीय माश्यांना वेगवेगळ्या मापांच्या पेट्या देऊन पाहिलं, तेव्हा त्यांची पसंती सुमारे 40 लिटरच्या, उंचावरच्या आणि लहान दाराच्या पेटीला होती. आपली सातेरी त्याहून लहान जागेत सुखी असते.

पेटी लावली तेव्हा तात्या एवढंच म्हणाले होते, "त्यांका येवचा असात तर येतली."

विहिरीच्या कठड्याला टेकून मी दुर्बीण लावली. थव्याच्या पृष्ठभागावर काही माश्या नाचत होत्या. पोटाची थरथर करत सरळ जायचं, वळसा घालून मागे यायचं, पुन्हा तीच रेघ. फुलांची दिशा सांगायला माश्या नाचतात हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाला 1949 साली म्युनिकमध्ये थव्यावर नाचणाऱ्या माश्यांच्या अंगावर परागाऐवजी काजळी आणि विटांची धूळ दिसली. त्या फुलांवरून नव्हे, घरं बघून आल्या होत्या. नाचाची रेघ सरळ वर गेली तर जागा सूर्याच्या दिशेला, जितकी तिरकी तितकी सूर्यापासून बाजूला, आणि थरथर जितकी लांबते तितकं अंतर जास्त.

दहा वाजून गेले होते, सूर्य आग्नेयेला होता. काही माश्यांची रेघ उजवीकडे जवळजवळ आडवी जात होती. सूर्यापासून काटकोनात उजवीकडे म्हणजे नैर्ऋत्येच्या जरा पश्चिमेला, तात्यांची बाग! छाती धडधडायला लागली. पण त्यांच्याहून जास्त माश्या दुसरंच काही सांगत होत्या. त्यांची रेघ डावीकडे वर तिरकी होती आणि थरथर अगदी तोकडी. म्हणजे पूर्वेला, जवळच, कुठेतरी.

बाईंनी चौथीतला एक तरतरीत मुलगा सोबत दिला. पूर्वेला वाडीच्या पाणीयोजनेचं पंपघर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर जुन्या स्टार्टरचा पत्र्याचा डबा, केबल काढून घेतल्यावर त्याला रुपयाएवढं भोक राहिलेलं. "सर, हय बघा!" पोराने माझ्याआधी पाहिलं. माश्या भोकातून आत जात होत्या, बाहेर येऊन डब्यावर चालत होत्या, भिंतीपासून हातभर मागे सरून डब्याकडे तोंड करून तरंगत होत्या. पायांवर परागाचा कण नाही. घर बघायला आलेल्या माशीची हीच खूण.

डबा शाळेच्या वाटेवर, पोरांच्या डोक्याच्या उंचीवर. उन्हाळ्यात तो पत्रा तापून पोळी वितळली असती. त्याआधीच पंप चालू करायला येणाऱ्या माणसाला माश्या चावल्या असत्या आणि मग टेंभ्याला कुणी अडवू शकलं नसतं. माश्यांच्या निवडीत हात घालणं मला आवडत नाही. रानात ढोल सापडली असती तर मी दुर्बीण मिटवून घरी गेलो असतो. इथे मात्र मनात शंका राहिली नाही. आतल्या माश्या बाहेर पडेपर्यंत थांबलो, पत्र्याला कान लावला, एकही आत नाही याची खात्री केली आणि भोकात चिंधीचा बोळा घट्ट बसवला.

घर शोधणारी माशी एकच जागा पुन्हापुन्हा तपासून येते आणि दर फेरीला तिचा नाच कमी होत जातो. जागा जितकी चांगली तितका पहिला नाच लांब. चर्चा अशी चालते. प्रत्येक जण हळूहळू गप्प होतो आणि ज्या जागेकडे नवे नवे साक्षीदार जात राहतात ती उरते. डब्याकडे गेलेल्या माश्या आता बोळ्यावर आपटून परत येत होत्या. तासाभरात डावीकडची रेघ तुरळक झाली. साडेबाराच्या सुमारास मला ती एकाच माशीकडे दिसली, तीही दोन वळसे घेऊन थांबली. उजवीकडच्या रेघा वाढतच होत्या. तात्यांच्या बागेतून फोन आला, "पेटयेर माश्यो फिरतत, पन्नासभर तरी आसतीत."

शाळेत खिचडी वाढली जात होती. थव्यातून बारीक, उंच पट्टीची पिपाणी ऐकू यायला लागली. घर नक्की झालं की शोधक माश्या अशी हाक देतात आणि सगळ्या माश्या पंखांचे स्नायू थरथरवून अंग तापवतात. मी बाईंना म्हटलं, "पोरांना व्हरांड्यात घ्या, पण दार लावू नका, बघू द्या." मिनिटभरात गोळा सुटला. विहिरीवरचं आकाश माश्यांनी भरून गेलं, आवाज छातीत घुमला. पोरं खिचडी विसरली. तो ढग आधी जागच्या जागी फिरला, मग सावकाश पश्चिमेला सरकला. त्याच्या वरच्या थरातून काही माश्या बाणासारख्या पुढे सुटत होत्या, त्या वाट माहीत असलेल्या. मी बांधाबांधाने धावलो.

बागेत पोचलो तेव्हा पेटीच्या दर्शनी फळीवर माश्यांचा थर जमला होता. दाराशी रांगेने उभ्या, पोट वर, पंख चालू. बाकीच्या त्या वासावर उतरत होत्या आणि चालत आत जात होत्या. त्यात लांबट, गडद पोटाची राणी मला क्षणभर दिसली. ती दाराशी न थांबता सरळ आत गेली. तात्या डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे होते.

त्या दिवशी मी झाकण उघडलं नाही. नव्या घरात सातेरीला छेडलं तर ती दुसऱ्या दिवशी निघून जाते. परागाच्या गोळ्या आत जाताना दिसल्यावरच पाहिलं. तीन चौकटींवर पांढरीशुभ्र पोळी उतरली होती, घराघरात एकेक अंडं उभं होतं. पेटी तिथून हलवायची नाही असं तात्यांनी बजावलं आहे, कारण काजू मोहरायला लागलाय आणि माश्या त्यांना बागेतच हव्यात. माझीही हरकत नाही. स्टार्टरच्या डब्याला बाईंनी पंचायतीकडून बारीक जाळी मारून घेतली. दुसरी रिकामी पेटी मी शाळेच्या मागच्या फणसावर बांधली आहे. तात्यांची वसाहत फळली तर पुढच्या हंगामात तिचा थवा निघेल, त्याच्यासाठी.