माऊनचा वजनकाटा

टूर मॅनेजर म्हणून बोत्स्वानाला मी कितीतरी गट नेले, पण ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशावर फिरवणाऱ्या विमानात कधी बसले नव्हते. सेस्ना २०६ मध्ये पायलट धरून सहा जागा. दहा पाहुणे म्हणजे दोन विमानं भरली. मी आपली खाली, सगळ्यांच्या पर्सेस, टोप्या आणि औषधाच्या डब्या सांभाळत.

ऑगस्टमधली ती सकाळ मात्र वेगळी निघाली. तिथल्या माऊन गावच्या विमानतळावर, चार्टर कंपनीच्या खोलीत शिरल्या शिरल्या मध्येच वजनकाटा ठेवलेला. छोट्या विमानात कोण कुठे बसणार हे खिडकीच्या हट्टावर नाही, किलोवर ठरतं. त्यामुळे एकेकाने कॅमेऱ्याच्या बॅगेसकट काट्यावर उभं राहायचं आणि तिथल्या मुलाने आकडा मोठ्याने वाचायचा. आधी हसणं-खिदळणं चाललं होतं. मग एका पाहुण्यांनी फॉर्मात ७८ लिहिलं होतं ते ८९ भरलं, आणि खोलीत जरा जास्तच मोठा हशा झाला.

रांगेत चौथ्या असलेल्या काकू एकदम बाजूला झाल्या. "मी नाही येत गं. विमान आहे का रिक्षा? मला भीती वाटते."

मी दोनदा समजावलं. काका म्हणाले, "राहू दे, तिचं एकदा ठरलं की ठरलं." पायलट घड्याळ बघत होती, कारण ऊन चढलं की हवा तापते आणि विमान खड्ड्यांतल्या एसटीसारखं हादरतं. पैसे भरलेली जागा रिकामी कशाला न्यायची, म्हणून मी काट्यावर चढले. माझाही आकडा वाचला गेला. तो इथे सांगत नाही.

काका माझ्या शेजारी. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. उड्डाणानंतर पहिली काही मिनिटं कोणालाच काही दिसेना. ५०० फुटांवरून जनावर शोधायचं म्हणजे नजरेला नवीन सवय लावायची. आपण आकार शोधतो, आणि वरून आकार असतो फक्त पाठीचा. पायलटने हेडफोनवर सांगितलं, सावल्या बघा. मग जमायला लागलं. जिराफ म्हणजे वरून नुसता पिवळट ठिपका, पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची लांबलचक सावली जमिनीवर आडवी पडलेली, मान, पाय, सगळं स्वच्छ. पाण्यातून नुकतेच निघालेले हत्ती काळेभोर, आणि त्याच कळपातले कोरडे हत्ती मातीच्या रंगाचे. लाल लेचवे हरणं उथळ पाण्यातून एका रांगेत पळाली, तेव्हा हरणं नाही, पाण्याची उडणारी पांढरी रेघच आधी दिसली.

बाकीचे "तो बघा, तो बघा" करत होते. काकांचं लक्ष जनावरांकडे नव्हतंच. माऊन सोडल्यावर थोड्याच वेळात खाली एक सरळसोट रेघ गेली, तेव्हाच ते खिडकीला चिकटले होते. "हे कुंपण. निसर्गात एवढी सरळ रेघ नसते." बरोबर होतं. रानम्हशींकडून गुरांना लाळ्या-खुरकूत लागू नये म्हणून घातलेलं ते कुंपण. अलीकडे गुरं, पलीकडे रान.

पुढे लव्हाळ्यातून वेड्यावाकड्या गडद वाटा दिसल्या. "ही पाणंद कोणाची?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, पाणघोड्यांची. रात्री चरायला जाताना आणि परतताना ते त्याच त्याच वाटा तुडवतात, त्यातून पाणी वाहतं राहतं. काका खूश. मग बेटं आली. कडेने ताडांची आणि मोठ्या झाडांची हिरवी कड, मधोमध पांढरं टक्कल. "क्षारपड," काका मला विचारायच्या आधीच म्हणाले. कडेची झाडं जमिनीतलं पाणी ओढून घेतात आणि क्षार मागे राहून बेटाच्या मध्यावर साठतात, हे मी दहा वेळा गाइडकडून ऐकलं होतं. या माणसाने एका नजरेत ओळखलं. अशी कितीतरी बेटं मुळात वाळवीच्या वारुळावर उभी राहिली, हे सांगितल्यावर मात्र ते गप्प झाले आणि पुढची दोन-तीन बेटं नुसती बघत राहिले.

मला स्वतःला चकित केलं ते पाण्याने. ऑगस्टमध्ये तिथे पावसाचा थेंब नसतो, चहूकडे करपलेली जमीन, आणि मधोमध हा पूर. अंगोलाच्या डोंगराळ भागात कित्येक महिन्यांपूर्वी पडलेला पाऊस इथवर रांगत येतो, कारण उतार जवळजवळ नाहीच. समुद्र गाठायच्या भानगडीत ही नदी पडत नाही. पसरते, जिरते, वाफ होऊन जाते. पाहुण्यांना हे वाक्य मी बसमध्ये माइकवरून पाठ म्हणत आले होते. २०१४ साली ओकावांगो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत हजारावं स्थळ म्हणून आलं, हेही त्याच्या मागोमाग. बघितलं त्या दिवशी.

एवढ्यात पायलटने विमान झटकन वर घेतलं. समोर गिधाडं घिरट्या घालत होती. घाबरलेलं गिधाड बहुधा खाली सूर मारतं, म्हणून आपण वर जायचं, असं तिने नंतर सांगितलं. त्या झटक्यात मोठी लेन्स डोळ्याला लावून बसलेल्या दादांनी कागदी पिशवी मागितली. सिंह कोणालाच दिसला नाही. झाडाखाली झोपलेला सिंह वरून दिसत नसतो, पण ही तक्रार माझ्याकडे अजून येते.

उतरलो तर काकू बाकावर बसलेल्या. काकांनी माझ्याकडून पेन मागितलं आणि माझ्या यादीच्या मागे नकाशा काढायला बसले. कुंपण, पाणंदी, टकलाची बेटं. काकू विचारत होत्या, "आणि हत्ती कुठे होते?" काका ठिपके देत होते.

संध्याकाळी कॅम्पवर काकू हळूच म्हणाल्या, "भीती बिती काही नव्हती गं. सगळ्यांसमोर आकडा ओरडतात, ते नको वाटलं."

मला आधीच कळायला हवं होतं. आदल्याच दिवशी या बाई मोकोरोत, त्या हातभर रुंदीच्या होडीत, पाणघोडा जवळपास घुरघुरत असताना मांडी घालून निवांत बसल्या होत्या. बाकीचे देवाचं नाव घेत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमचा गट पुढे निघाला, त्यामुळे त्यांचं विमान राहिलं ते राहिलंच. आता मी आदल्या रात्री प्रत्येकाच्या खोलीत काटा नेते, आकडा चिठ्ठीवर लिहून घेते आणि चिठ्ठ्या घडी घालून पायलटच्या हातात देते. त्या मुलाला माऊनमध्ये काट्याजवळ फिरकू देत नाही.